शाळेत पावसाची नोंद सुरू करताय?

पहिली गोष्ट वेळेची. रोज सकाळी साडेआठलाच मोजा. भारतीय हवामान विभागाचा पावसाचा दिवस तेव्हा संपतो आणि आदल्या २४ तासांचा पाऊस त्या सकाळच्या तारखेला लिहिला जातो. म्हणूनच मुंबईच्या २६ जुलै २००५च्या प्रलयाचे सांताक्रूझचे ९४४ मिमी २७ तारखेच्या नोंदीत सापडतात. त्याच २४ तासांत कुलाब्याला १०० मिमीसुद्धा झाला नव्हता! एकाच शहरात एवढी तफावत, तेव्हा तुमच्या शाळेच्या अंगणातला आकडा अभ्यासकांना खरंच हवा असतो.

पाऊस नसेल तर शून्य लिहा, जागा कोरी सोडू नका. कोरी जागा म्हणजे मोजलंच नाही. हुकलेला दिवस अंदाजाने भरणं मला अजिबात पटत नाही, आणि शेजारच्या गावाचा आकडा बघून आपला तर बदलूच नका.

पर्जन्यमापक झाड-भिंतींपासून त्यांच्या उंचीच्या निदान दुप्पट अंतरावर हवा. गच्ची शक्यतो नकोच, तिथे वाऱ्यामुळे पाऊस कमी भरतो. आकडे इतरांना देताना गाव, अक्षांश-रेखांश, मापकाचा प्रकार आणि एकक सोबत द्या. मापकाची जागा बदललीत तर ती तारीखही.