पियानोचे पैसे पट्ट्यांसाठी मोजा

नमस्कार,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा आकड्यांसाठी, दुसऱ्यांदा त्यातल्या एका वाक्यासाठी: "मी रोज रात्री, मुलगी झोपल्यावर वाजवीन." तुम्ही ते जाता जाता लिहिलंय, पण निम्मा निर्णय त्यातच आहे.

इतर वाचकांसाठी थोडक्यात सांगतो. पत्र लिहिणाऱ्या बाई लहानपणी चार वर्षं पियानो शिकल्या, मग सुटला. आता नऊ वर्षांच्या मुलीला शिकवणी लावायची आहे आणि स्वतःचाही हात पुन्हा बसवायचा आहे. दुकानात चार डिजिटल पियानो पाहिले: यामाहा पी-४५, रोलँड एफपी-१०, रोलँड एफपी-३०एक्स आणि लाकडी कॅबिनेटवाला यामाहा वायडीपी-१०५. किमती जागोजागी आणि महिन्यागणिक बदलतात, म्हणून त्यांना मिळालेल्या भावांत सगळ्यात स्वस्ताला मी १०० धरलंय. त्या हिशेबाने पी-४५ म्हणजे १००, एफपी-१० म्हणजे १२०, एफपी-३०एक्स १७० आणि वायडीपी २३०. यासाठी बाजूला ठेवलेले मोकळे पैसे १६५. घरखर्च, विमा, गुंतवणूक सगळं जाऊन महिन्याला हातात १४ उरतात. शिवाय चार महिन्यांच्या खर्चाइतका आपत्कालीन निधी वेगळा आहे. त्यांचा प्रश्न असा, की वायडीपी हप्त्यावर घ्यावा, की निधीतून थोडे काढून एफपी-३०एक्स रोखीने घ्यावा?

माझ्या मते दोन्ही नको. एफपी-१० घ्या, रोखीने.

आधी हप्त्याचं बघू, कारण ते लवकर निकालात निघतं. दुकानात तुम्हाला "फक्त नऊ टक्के, दोन वर्षं" असं सांगितलं. हे नऊ टक्के फ्लॅट आहेत, म्हणजे तुम्ही मुद्दल फेडत गेलात तरी व्याज शेवटपर्यंत पूर्ण २३०वरच लागणार. दोन वर्षांचं व्याज ४१, एकूण फेड २७१, महिन्याचा हप्ता ११.३. उरलेल्या मुद्दलावर मोजणाऱ्या नेहमीच्या पद्धतीत हाच दर वर्षाला १६ टक्क्यांच्या पुढे जातो. कोणी नुसता टक्का सांगितला, तर "फ्लॅट की घटत्या शिलकीवर?" हा प्रश्न लगेच विचारायचा. आता तुमचे महिन्याचे १४ घ्या. त्यातून ११.३ गेले, उरले २.७. आणि पत्राच्या शेवटी तुम्हीच लिहिलंय की मुलीच्या शिकवणीची फी महिन्याला ४ आहे. ती हिशेबात धरायची राहून गेली. म्हणजे हप्ता सुरू झाला की नेमकी ज्याच्यासाठी पियानो आणला, ती शिकवणीच बसत नाही.

आता वस्तूकडे वळू. तुम्ही विचारलंय की २३०चा पियानो १००च्या पियानोपेक्षा दुपटीहून चांगला असणारच ना? लाकडी बॉडी, खालची तीन पेडलं, झाकण हे सगळं चांगलंच आहे, आणि त्याला वेगळं स्टँडही लागत नाही. पण बोटाखाली काय आहे? वायडीपी-१०५मध्ये यामाहाची जीएचएस ही पट्ट्यांची यंत्रणा आहे, आणि पी-४५मध्येही तीच. डोळे मिटून वाजवलंत तर बोटांना दोन्हीकडे तीच यंत्रणा लागते. वरचे १३० जातात ते मुख्यतः फर्निचरला.

पियानोच्या पैशांचे मी मनाशी दोन भाग करतो: नंतर बदलता येईल ते, आणि कधीच बदलता येणार नाही ते. आवाज पहिल्या भागात मोडतो. स्पीकर कमी पडले तर बाहेरून जोडता येतात, चांगले हेडफोन घेता येतात, संगणकाला जोडून दुसऱ्याच पियानोचा आवाज काढता येतो. पट्ट्यांची यंत्रणा मात्र घेतली ती घेतली. ती बदलायची तर पियानोच बदलावा लागतो.

मी हे स्वतःच्या खिशातून शिकलोय. पहिल्यांदा घेतला तो ६१ पट्ट्यांचा, स्प्रिंगवर चालणारा कीबोर्ड, कारण तो निम्म्या पैशात मिळत होता आणि त्यात शेकडो आवाज होते. सहा महिन्यांत तो माळ्यावर गेला. आवाजाला काही झालं नव्हतं. पण हळू वाजवावं म्हटलं तर बोटाला खाली काही लागायचंच नाही, आणि रोज बसावंसं वाटेना. शेवटी पावपट किमतीला दिला.

तुमचे चारही पर्याय त्यापेक्षा कितीतरी वरचे आहेत. चारही ८८ पट्ट्यांचे, पट्टीमागे हातोड्याचं वजन असलेले, डावीकडे जड आणि उजवीकडे हलके होत जाणारे. तरी त्यांच्यातही फरक आहे. डिजिटल पियानोत पट्टीखाली छोटे संपर्क असतात. पट्टी खाली जाताना आधी एक जुळतो, मग दुसरा. मधला वेळ मोजून यंत्र ठरवतं की स्वर हळू काढायचा की जोरात. म्हणजे तुम्ही किती जोर लावला हे त्याला कळतच नाही, फक्त वेग कळतो. जीएचएसमध्ये असे दोन सेन्सर आहेत. तिथे तोच स्वर पुन्हा वाजवायचा तर पट्टी जवळजवळ पूर्ण वर यावी लागते. रोलँडच्या पीएचए-४ स्टँडर्ड या पट्ट्यांच्या यंत्रणेत तीन आहेत, त्यामुळे पट्टी अर्धवट वर आली तरी पुन्हा वाजते. तारांच्या ग्रँड पियानोत हीच सोय करायला सेबास्टियन एरार्ड यांनी शोधलेल्या वेगळ्या यंत्रणेचं १८२१मध्ये पेटंट घेतलं गेलं होतं, इतका तो प्रश्न जुना आहे. मुलीला पहिल्या वर्षी याने फरक पडणार नाही. तुम्हाला पडेल, कारण चार वर्षं शिकलेलं बोट भराभर तोच स्वर वाजवायला जातं आणि मधलाच एखादा गायब झाला की मेंदूला वाटतं, चूक आपलीच.

दुसरी गोष्ट म्हणजे खाच. पीएचए-४ची पट्टी अगदी सावकाश दाबलीत तर तळाच्या जरा आधी बारीकसा अडथळा लागतो. तारांच्या पियानोत हातोडा यंत्रणेतून सुटतो तिथे असंच काहीसं लागतं. जोरात वाजवताना ती खाच जाणवतही नाही. हळुवार वाजवताना मात्र बोटाला खूण मिळते. पट्ट्यांचा वरचा थर किंचित खडबडीत आहे, तळहाताला घाम येणाऱ्यांना तो बरा. खोटं कशाला बोलू, काही जणांना ही यंत्रणा जड वाटते. त्यामुळे मुलीला बरोबर न्या आणि तिला दहा मिनिटं सलग वाजवू द्या. पाचव्या मिनिटाला तिने मनगट झटकलं तर मला पुन्हा लिहा.

आता एफपी-१० आणि एफपी-३०एक्स. माझ्या सल्ल्याचा सगळा भार याच जोडीवर आहे. दोन्हींची यंत्रणा एकच, पीएचए-४ स्टँडर्ड. बोटांना मिळतं ते सारखंच. मग १२० आणि १७० यांच्यातले ५० कशाचे? एफपी-१०चे स्पीकर सहा-सहा वॅटचे, ३०एक्सचे अकरा-अकरा वॅटचे. एकावेळी वाजू शकणारे आवाज तिकडे २५६, इकडे ९६. ३०एक्सला हेडफोनच्या दोन जागा आणि बाहेरच्या स्पीकरसाठी वेगळं आउटपुट आहे, एफपी-१०ला एकच हेडफोन जॅक. ब्लूटूथवरून फोनमधलं गाणं पियानोच्या स्पीकरवर लावता येतं तेही ३०एक्सवरच.

आता तुमचं ते वाक्य आठवा. मुलगी झोपल्यावर तुम्ही हेडफोन लावूनच वाजवणार. म्हणजे ज्या अकरा वॅटसाठी आपत्कालीन निधी फोडायचा, ते स्पीकर तुमच्या रोजच्या सरावात बंदच असणार! चार माणसांसमोर खोलीत वाजवणाऱ्याला मी ३०एक्सच सांगितला असता, पियानो म्हणून तो चांगलाच आहे. आणि ९६ कमी पडतील का? स्वर लांबवणारं पेडल बराच वेळ दाबून भरगच्च रचना वाजवणाऱ्याला एखाद वेळी मागचे स्वर विरण्याआधीच गळाल्यासारखे वाटतील. त्या टप्प्याला तुम्ही पोचलात की आपण आनंदाने पुढच्या पियानोचं बोलू.

शिवाय ३०एक्सचा खरा खर्च १७० नाहीच. स्टँड, उंची कमी-जास्त होणारं बाक, धड पेडल आणि हेडफोन यांचे साधारण ३५ तुम्हीच काढलेत. म्हणजे २०५, आणि निधीतून ४०. आजारपण आणि नोकरीची अडचण निधी पुन्हा भरायची वाट बघत नाहीत. चार महिन्यांचा निधी आधीच जेमतेम आहे, मी तर तो सहावर न्या असं म्हणणार होतो. एफपी-१०चा हिशेब १२० अधिक ३५, म्हणजे १५५. दहा शिल्लक, निधी शाबूत, आणि महिन्याच्या १४मधून फी देऊन दहा पुन्हा साठायला मोकळे.

त्या ३५मध्ये काटछाट करू नका. चिमट्यासारखं एक्सच्या आकाराचं स्टँड जोरात वाजवताना डुलतं आणि गुडघ्यांना आडवं येतं. चार पायांचं, टेबलासारखं बघा. बसल्यावर कोपर पट्ट्यांच्या पातळीला यायला हवं, आणि तुमची नि नऊ वर्षांच्या मुलीची उंची एकाच खुर्चीत जमणार नाही, म्हणून बाक. खोक्यात येणारं छोटं पेडल बरेचदा नुसतं चालू-बंद असतं आणि पायाखालून पळतं.

पी-४५वर फुली मारत नाही. १०० अधिक ३५ म्हणजे १३५, वीस वाचतात. फक्त मुलीसाठी, तेही "बघू टिकते का" म्हणून घ्यायचा असता तर मी तोच सांगितला असता. एवढं लक्षात ठेवा की २०२३मध्ये त्याच्या जागी पी-१४५ आलाय, तेव्हा उरलेला माल विकणाऱ्याकडून चांगली सूट मागायला हरकत नाही. पण तुम्ही दोघी वाजवणार आहात. रोज दोघींचा मिळून अर्धा तास धरला, वर्षाचे तीनशे दिवस, तर तीन वर्षांत ४५० तास होतात. १५५चा संच तेव्हा ६०ला गेला असं धरू, म्हणजे ९५ खर्च, तासाला ०.२१. महिन्यात चार शिकवण्या धरल्या तर शिकवणीचा एक तास तुम्हाला १ला पडतो. सरावाचा तास इतका स्वस्त असताना वीस वाचवण्यापेक्षा तो तास होईल कसा, तेवढंच बघायचं.

वापरलेला मिळाला तर? जरूर बघा, पहिल्या मालकाने घट सोसलेली असते. फक्त ८८च्या ८८ पट्ट्या एकेक करून हळू, मध्यम, जोरात अशा वाजवा. सारख्याच दाबाला एखादा स्वर एकदम ओरडला किंवा मुका राहिला तर खालचे संपर्क घाणीने किंवा झिजेने गेलेत. एवढ्या एका दोषावर मी सौदा सोडून देतो.

दुकानातही अशीच परीक्षा घ्या. तुम्ही लिहिलंय की यामाहा उजळ वाटला आणि रोलँड दबलेला. दोन्हींचा व्हॉल्यूम सारखा होता का? मोठा आवाज कानाला नेहमीच चांगला वाटतो. स्वतःचे हेडफोन न्या, दोन्हींवर आवाज सारखा करा, आणि खालच्या सप्तकातला एक स्वर पेडल दाबून सोडून द्या. तो विरताना ऐका. नीट विरतो, की मध्येच यंत्रासारखा एकसुरी होतो? मग काळ्या पट्ट्यांच्या मधे, पार मागे बोट नेऊन पांढरी पट्टी दाबा. असल्या सपाट पियानोत पट्टी आत ज्यावर झुलते तो टेकू जवळ असतो, त्यामुळे तिथे जास्त जोर लागतो. किती, ते तुमच्या बोटालाच ठरवू द्या. शेवटी आवाज शून्य करून वाजवा. जी ठकठक ऐकू येईल ती हेडफोन लावूनही घरात ऐकू येणार आहे, म्हणून स्टँडखाली जाड चटई घाला.

आणि हो, तुमच्याकडचे ब्लूटूथ हेडफोन इथे चालणार नाहीत. एफपी-१०च्या ब्लूटूथवरून आवाज जात नाही, मिडीचे संकेत, म्हणजे कोणती पट्टी कशी दाबली एवढी माहिती, तेवढे जातात. जिथे जातो तिथेही बोट आधी आणि स्वर मागून असं होतं. वायरचे हेडफोन पियानोबरोबर त्याच दिवशी घ्या, नाहीतर पहिल्याच रात्री मुलगी उठून बसेल.