मोकळी पिकअप फार आदळते. शॉकअप कुठले टाकावेत?

तुम्ही लिहिलंय की दीड टनी पिकअप आहे, कोल्हापुरातून गूळ भरून गगनबावड्यामार्गे कोकणात उतरता आणि परत येताना बहुतेक वेळा मोकळेच येता. मोकळी असली की गाडी इतकी आदळते की शेजारी बसलेल्या वडिलांची कंबर धरते. दुकानदार म्हणतोय हेवी ड्युटी टाका, मित्र म्हणतोय गॅसचे टाका. मी कोल्हापुरातल्या उद्यमनगरात पाटे (गाडीचं वजन पेलणाऱ्या लोखंडी पट्ट्यांच्या स्प्रिंगा) आणि शॉकअपचंच काम करतो. या एका प्रश्नावर लोकांचे पैसे भलत्याच जागी जाताना रोज बघतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

थेट उत्तर आधी. कंपनीच्या मापाचे, ट्विन-ट्यूब (नळीत नळी असलेले), कमी दाबाचा गॅस भरलेले शॉकअप घ्या. हेवी ड्युटी घेऊ नका. पण दुकानात जायच्या आधी गाडीखाली जा, कारण तुमचा निम्मा त्रास शॉकअपचा नसावा असं मला वाटतंय.

शॉकअप वजन उचलत नाही, वजन पाटे उचलतात. पाटा दबून परत उसळला की ती उसळी जिरवणं एवढंच शॉकअपचं काम. आत तेल असतं, पिस्टन हलला की ते बारीक झडपांतून दाबून जातं आणि हालचालीतला जोर उष्णतेत जिरतो. त्यामुळे गाडी 'आदळते' म्हणजे नेमकं काय होतं ते आधी ठरवा. स्पीडब्रेकर ओलांडल्यावर मागची बाजू दोन-तीनदा वरखाली होत राहते, खराब वळणावर मागचा भाग बाजूला उडतो, टायर जागोजागी खड्डे पडल्यासारखा झिजलाय, तर शॉकअप गेलेत. पण खड्ड्यात एकच कडक दणका बसून विषय संपत असेल, तर तो दणका पाट्यांचा, शॅकलचा (पाट्याचं टोक चॅसीला जोडणाऱ्या झुलत्या कडीचा) आणि टायरमधल्या हवेचा आहे. तिथे तुम्ही जगातले कितीही महागडे शॉकअप लावा, वडिलांची कंबर तशीच धरणार.

कारण साधं आहे. माल भरला की मालाचं जवळपास सगळं वजन मागच्या एक्सलवर येतं, त्या एक्सलवरचा भार मोकळ्या गाडीच्या दुपटीच्याही वर जातो. तेवढ्या वजनासाठी बनवलेले पाटे मोकळ्या गाडीत धड वाकतच नाहीत. त्यात आपल्याकडे ओव्हरलोडच्या हौसेने एखादा जादा पाटा घातलेला असतो. तुमची गाडी सेकंडहँड असेल तर पाटे मोजा आणि कंपनीने किती दिलेत ते शोरूममध्ये विचारा. जादा असेल तर काढा. मात्र कंपनीच्या पाट्यांतला एकही कमी करू नका. मोकळी गाडी मऊ वाटेल, पण गुळाचं वजन घेऊन घाट उतरताना तोच पाटा तुम्हाला हवा असतो.

शॅकल नीट बघा. मागच्या पाट्याचं एक टोक शॅकलवर झुलतं, म्हणून दबताना पाट्याला लांब व्हायला जागा मिळते. ती पीन गंजून धरली की पाटा लांबच होऊ शकत नाही, मग गाडी एक्सलवर नुसती फळी ठेवल्यासारखी चालते. २०१९ आणि २०२१ च्या पुरात ज्या गाड्या पाण्यात उभ्या होत्या, त्यांच्या शॅकलच्या पिना अजूनही माझ्याकडे हातोड्याने मारून काढाव्या लागतात. बाहेरून ग्रीस दिसतं, आत गंज असतो. तपासायला सोपं आहे: मागून चॅसीला जॅक लावून गाडी उचला, चाक लोंबकळू द्या. शॅकलने जागा बदलायला हवी. ढिम्म राहिली तर पीन आणि बुश बदला. त्याच वेळी पाट्यांच्या टोकांमधले लाइनर झिजलेत का ते बघा. लोखंडावर लोखंड घासलं की पाटा आधी अडतो आणि मग एकदम सुटतो, तोही दणकाच.

हवेचं थोडक्यात. दारावरच्या किंवा पुस्तकातल्या तक्त्यात मोकळ्या आणि भरलेल्या गाडीची हवा वेगळी दिलेली असते. भरलेल्या गाडीची हवा ठेवून मोकळं येणं म्हणजे दगडावर बसून येणं. कोकणात माल उतरला की मागची हवा तक्त्यातल्या मोकळ्या आकड्यावर आणा, त्याच्या खाली नको, आणि पुढचा माल भरायच्या आधी परत वाढवा. कंटाळवाणं काम आहे, पण याला पैसे लागत नाहीत आणि फरक पहिल्याच दिवशी कळतो.

आता शॉकअप. गेलेत का हे बघायला बोनेट दाबून सोडायची युक्ती कारला चालते, पिकअपला नाही, कारण मागचे पाटे हाताने दबतच नाहीत. त्यापेक्षा खराब रस्त्यावर पाच-दहा किलोमीटर चालवून थांबा आणि शॉकअपच्या नळीला जपून हात लावा. मागचे दोन्ही सारखेच कोमट लागले पाहिजेत. एक गार असेल तर तो काम करत नाही, नुसता लटकलाय. बाहेरून तेलाचा हलका ओलसरपणा चालतो, ओघळ चालत नाही.

काढलेला शॉकअप मी गिऱ्हाइकाच्या हातात देतो. उभा धरून दाबायचा आणि ओढायचा. चांगला असेल तर दोन्हीकडे सलग अडतो, ओढताना जास्त. गेलेला असेल तर दिशा बदलताना बोटभर अंतर फुकट जातं आणि मग एकदम पकडतो. गाडीत हेच प्रत्येक खड्ड्याला होत असतं.

हेवी ड्युटी का नको, तर त्यात झडपा कडक असतात. काही दाबताना कडक, काही उसळताना, काही दोन्हीकडे. सतत भरलेल्या गाडीला ते बरोबर आहे. तुमची अर्धी धाव मोकळी. आधीच न वाकणाऱ्या पाट्यावर दाबताना कडक असलेला शॉकअप लावला, तर खड्ड्याचा दणका उलट जास्त वर येतो. एकच ठरावीक शॉकअप मोकळ्या आणि भरलेल्या दोन्ही गाड्यांना अगदी अचूक बसत नाही, म्हणून कंपनीने मधला मार्ग काढलेला असतो. तुमच्या कामाला तोच मार्ग ठीक आहे. परदेशात पिकअपवाले कडकपणा कमी-जास्त करता येणारे शॉकअप लावतात. रँचोच्या आरएस ९००० मालिकेत नळीवर फिरवायची कळ आणि नऊ टप्पे असतात. कल्पना चांगली आहे, पण आपल्या मालवाहू पिकअपच्या मापाला मिळणं आणि भाड्याच्या धंद्यात परवडणं, दोन्ही अवघड.

गॅसबद्दल गैरसमज फार आहेत. गॅस गाडी उचलून धरायला नसतो, तेलाला फेस येऊ नये म्हणून असतो. खडबडीत रस्त्यावर तेल जोरजोरात घुसळलं की त्यात बुडबुडे होतात, आणि बुडबुड्यांना झडप अडवू शकत नाही. साध्या तेलाच्या शॉकअपचा जोर लांबच्या खराब रस्त्यावर असा ओसरतो. ट्विन-ट्यूबमध्ये नायट्रोजन कमी दाबाने, साधारण दहा बारच्या आत भरलेला असतो. मोनो-ट्यूबमध्ये तो वीस-तीस बारपर्यंत जातो. मोनो-ट्यूबची नळी एकेरी, त्यामुळे ती लवकर गार होते आणि घाटात टिकून काम करते, हे खरं. पण त्याच एकेरी नळीत पिस्टन फिरतो. गुऱ्हाळापर्यंतच्या पाणंदीत एखादा दगड उडून नळीला पोचा पडला की पिस्टन तिथेच अडतो, शॉकअप बाद. ट्विन-ट्यूबला बाहेरच्या नळीवर तसाच पोचा पडला तरी आतली नळी बहुतेक वेळा वाचते. उसाच्या शिवारात फिरणाऱ्या गाडीला म्हणूनच मी ट्विन-ट्यूब सांगतो. फक्त हायवेने पुणे-बेळगाव करणाऱ्याला मी वेगळं सांगेन.

ब्रँडपेक्षा माप महत्त्वाचं. गॅब्रिएल १९६१ पासून शॉकअप बनवते आणि त्यांचे कारखाने चाकण, नाशिकला आहेत. तो घ्या किंवा गाडीच्या कंपनीचा घ्या, पण पार्ट नंबर तुमच्याच मॉडेलचा असू द्या. काही पिकअपना पुढे पाटे असतात, काहींना कॉइल, आणि शॉकअप त्याप्रमाणे बदलतो. जादा पाट्याने मागची बाजू वर उठलेली असेल तर कंपनीच्या मापाचा शॉकअप चाक लोंबकळताच पूर्ण ताणला जातो आणि आतून तुटतो. उलट, जास्त लांब घेतला तर चाक वर येताना बंपरच्या रबराला पाटा लागायच्या आधीच शॉकअप तळाला आपटतो. बिल घ्या. खोक्यावरचा आणि नळीवरचा नंबर जुळतो का ते काउंटरवरच बघा, डुप्लिकेट माल भरपूर आहे. बदलताना एका एक्सलचे दोन्ही बदला. बजेट असेल तर चारही.

बसवताना दोन गोष्टी मेकॅनिकसमोर उभं राहून करून घ्या. ट्विन-ट्यूब शॉकअप दुकानात आडवा पडलेला असतो, आतला गॅस कामाच्या नळीत शिरलेला असतो. उभा धरून पाच-सहा वेळा पूर्ण दाबायचा-ओढायचा आणि मग बसवायचा, नाहीतर नवीन शॉकअपही सुरुवातीला पोकळ वाटतो. आणि रबर बुशचे बोल्ट शेवटचे आवळायचे ते गाडी चाकांवर उभी असताना. जॅकवर चाक लोंबकळत असताना आवळले तर गाडी खाली आल्यावर रबर कायमचं पिळलेलं राहतं आणि काही महिन्यांत फाटतं. घाईत हे सर्रास होतं.

वडिलांसाठी अजून एक. पुढच्या सीटचा फोम दाबून बघा. जुन्या पिकअपमध्ये तो बसून पत्र्याला टेकलेला असतो. सीट कव्हरवाल्याकडून घट्ट फोम भरून घ्या, शॉकअपच्या खर्चापुढे हे काहीच नाही.

क्रम असा ठेवा: आधी हवा, मग शॅकल-लाइनर, मग पाट्यांची मोजणी, आणि एवढं करूनही उसळी राहिली तर शॉकअप. पाटे खोलले असतील तर सातशे-आठशे किलोमीटरनंतर एकदा पाटे एक्सलला धरून ठेवणारे यू-बोल्ट परत आवळून घ्या, आणि तेही गाडीत माल असताना.