मारुती ८०० च्या फ्लोअरला किती जाडीचा पत्रा टाकावा?

तुम्ही लिहिलंय की ८०० चा ड्रायव्हरच्या पायाखालचा फ्लोअर सडलाय आणि डेंटर म्हणतोय १६ गेज टाकू, परत बघायला नको. १६ गेज नको. २० गेज टाका, फार तर १८, त्यापेक्षा जाड नको. गेज म्हणजे पत्र्याच्या जाडीचा आकडा, तो वाढला की पत्रा पातळ होतो.

एवढं ठासून सांगतोय कारण आमच्या घरी हे होऊन गेलंय. आम्ही रत्नागिरीचे, खारी हवा आणि चार महिने धो धो पाऊस, बाबांच्या ८०० चा फ्लोअर असाच गेला तेव्हा एका गॅरेजवाल्याने जाड पत्रा कापून जुन्या फ्लोअरवरच ठेवला, कडेने वेल्डिंगचे टाके मारले आणि वरून काळं अंडरकोटिंग फासलं. दिसायला एकदम दणकट. दुसरा पावसाळा संपल्यावर कार्पेट उचललं तर जाड पत्रा जसाच्या तसा, पण त्याच्या कडेकडेने मूळ फ्लोअर फाटलेला, आणि दोन पत्र्यांच्या मधे पाणी राहून खालच्याचा हाताने चुरा होत होता. बाबांना फार वाईट वाटलं, गाडी त्यांची पहिलीच होती. दुसऱ्यांदा काम केलं तेव्हा मी शेजारी उभा राहून करून घेतलं.

मूळ मुद्दा हा की ८०० ला जीपसारखी वेगळी चॅसी (खालचा लोखंडी सांगाडा) नाही, बॉडी हीच चॅसी, म्हणून नवा पत्रा मूळ फ्लोअरशी नीट जुळायला हवा. सीटखाली चांगल्या जागी रंग खरवडून व्हर्नियर लावला तर आमचा मूळ पत्रा ०.८ मिलीमीटरच्या आसपास भरला, तुम्हीही आधी मोजा, पण गंज फुगून जाड दिसतो म्हणून गंजलेल्या जागी मोजू नका. आता ०.८ ला १६ गेज, म्हणजे १.६ मिलीमीटरचा पत्रा जोडायचा म्हटलं की वेल्डिंगचा करंट वाढवला तर पातळ पत्र्याला होल पडतं, कमी ठेवला तर जाड पत्र्यात टाका धरत नाही, वरवर चिकटल्यासारखा बसतो. शिवाय १६ गेज हातोडीने नीट वळत नाही, मग डेंटर सपाट तुकडाच टाकतो, आणि फ्लोअरची निम्मी ताकद तर त्याच्यातल्या उठावदार पट्ट्यांत असते! तशा पट्ट्या ठोकून उठवलेला २० गेज सपाट १८ पेक्षा कमी थरथरतो, हे मी हाताने दाबून बघितलंय.

गेजचा हिशोब असा, १६ म्हणजे साधारण १.६, १८ म्हणजे १.२, २० म्हणजे ०.९ आणि २२ म्हणजे ०.७ मिलीमीटर. गेजचे तक्ते वेगवेगळे असतात म्हणून दुकानात मिलीमीटरमधेच मागा आणि सीआर (कोल्ड रोल्ड, म्हणजे साधा बिनजस्ताचा) पत्रा घ्या. जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला) घेतलात तर वेल्डिंगच्या जागेवरचं जस्त आधी घासून काढावं लागतं, नाहीतर त्या धुराने काम करणाऱ्याला रात्री थंडीताप भरतो. अॅल्युमिनियमचा पत्रा रिव्हेट मारून तर बसवूच नका, खाऱ्या पाण्यात त्याच्या आणि लोखंडाच्या जोडावरच गंज धरतो.

सीट बेल्टचा बोल्ट, सीटचे पाय आणि जॅक लावायची जागा मात्र वेगळी. तिथे कंपनीने मुळात जाड पत्रा किंवा प्लेट दिलेली असते, ती सडली असेल तर तेवढ्याच जाडीची नवी घाला, तिथे २० गेजवर भागवू नका, अपघातात माणूस त्याच बोल्टवर अडकलेला असतो.

कापताना स्क्रूड्रायव्हरने ठोकत जा आणि चकचकीत लोखंड लागेपर्यंत कापा, त्यात कंजूषी नको. वेल्डिंग सीओटूनेच (तारेचं इलेक्ट्रिक वेल्डिंग), गॅसच्या ज्योतीने पत्रा वाकतो, आणि सलग ओढण्यापेक्षा इथे एक तिथे एक असे छोटे टाके. त्याआधी बॅटरी काढा, सीट-कार्पेट बाहेर, आणि पेट्रोलची लाइन फ्लोअरखालून जाते ती नक्की बघा. नंतर झिंक प्रायमर, जोडावर सीलर, आणि खालून-वरून दोन्हीकडे कोटिंग.

आणि पत्रा टाकायच्या आधी पाणी कुठून येतंय ते शोधा, काचेवर पाइपने पाणी मारायचं आणि आत एकाने टॉर्च घेऊन बसायचं, आमच्याकडे पुढच्या काचेच्या रबरातून थेंब थेंब येत होतं.