बेजबाबदारपणा आणि इरिस्पॉन्सिबिलिटी

प्रश्न : मुलगी चौथीपर्यंत मराठी माध्यमात होती, पाचवीपासून सगळे इंग्रजीत. 'इरिस्पॉन्सिबिलिटी'सारखे शब्द तोडून पाठ करते, तरी स्पेलिंग चुकते. शब्द तोडायचा कुठे?
— एक पालक, डिचोली

उत्तर : दोनदा तोडायचा. एकदा कानाने, एकदा अर्थाने. दोन्ही वेळा तो वेगळ्या जागी तुटतो, म्हणून मुले गोंधळतात.

आधी कान. 'मडगाव' लिहिताना चार अक्षरे, पण ऐकू येतात दोनच तुकडे : मड-गाव. असा तुकडा म्हणजे सिलॅबल. हनुवटीखाली हात धरून मोजायची युक्ती शिकवतात, पण 'इ' म्हणताना हनुवटी फारशी हलत नाही. या शब्दाला टेबलावर टिचकी मारणे बरे. इ-रि-स्पॉन्-सि-बि-लि-टी, सात टिचक्या, जोर 'बि'वर.

यातून उच्चार सुधारेल, स्पेलिंग मात्र अर्थाने तोडल्यावरच कळेल. आपला 'बेजबाबदारपणा' घ्या : बे, जबाबदार, पणा. इंग्रजी शब्दाची घडण अगदी अशीच आहे. शेवटाकडून सोलत या. 'इटी' म्हणजे आपला 'पणा'. तो काढला की 'इरिस्पॉन्सिबल'. सुरुवातीचा 'इर' काढला की 'रिस्पॉन्सिबल' हा पुरा शब्द हाती येतो. नकाराचा हा उपसर्ग मुळात 'इन'. पुढे 'आर' आला की त्याचा 'इर' होतो. म्हणून स्पेलिंगमध्ये 'आर' दोनदा : एक उपसर्गाचा, एक शब्दाचा स्वतःचा. कानाला एकच ऐकू येतो, म्हणून मुले एकच लिहितात. 'इलीगल'मध्ये दोन 'एल' आणि 'इमॅच्युअर'मध्ये दोन 'एम' याच कारणाने. 'इटी' जोडताना आणखी एक बदल होतो : 'रिस्पॉन्सिबल'च्या शेवटचा 'ई' गळतो आणि 'बी' व 'एल' यांच्यामध्ये 'आय' येतो. 'पॉसिबल'चे 'पॉसिबिलिटी' होते तसेच.

सोलल्यावर उरलेल्या भागाला अर्थ आहे का, हे दर वेळी पाहा. 'अंकल'मधले 'अन' उपसर्ग नव्हे. आणि टँकरवरच्या 'इन्फ्लेमेबल'मधला 'इन' नकाराचा नाही. त्याचा अर्थ चटकन पेट घेणारे. हे मुलीला आवर्जून सांगा.

प्रश्न : 'हेलिकॉप्टर' कसा तोडावा?
— एक विद्यार्थी, पेडणे

उत्तर : कानाने हे-लि-कॉप्-टर. अर्थाने 'हेलिको' आणि 'प्टर' : मूळ ग्रीक शब्द मळसूत्राचा वेढा आणि पंख या अर्थाचे. इंग्रजी बोलणाऱ्यांनी मात्र तो 'हेलि' आणि 'कॉप्टर' असा ऐकला, आणि त्या चुकीच्या तुकड्यातूनच 'हेलिपॅड' तयार झाला.