रेडिओलॉजी रेसिडेंट आहे, फायनलला पाच महिने उरलेत, फिजिक्सची तयारी कुठून सुरू करू?

तुम्ही लिहिलंय की नाशिकलाच एमडी रेडिओच्या थर्ड इयरला आहात, रिपोर्टिंग बऱ्यापैकी जमतं पण फिजिक्स बारावीनंतर उघडलेलं नाही, आणि कुठून सुरुवात करू, क्लास लावू का, असं विचारलंय. मी पण इथेच रेसिडेन्सी केली, पास होऊन दोन वर्षं झाली, तेव्हा माझ्या बाबतीत जे झालं आणि जे उपयोगी पडलं तेवढंच सांगतो.

आधी एक गोष्ट मनात पक्की करा. फिजिक्स लायब्ररीत बसून होत नाही, ते तुमच्याच डिपार्टमेंटच्या मशीनवर होतं. पुस्तक लागतंच, पण ते मशीन बघून आल्यावर वाचायचं.

हे मला कसं कळलं ते सांगतो. सेकंड इयरला आमची इंटर्नल व्हायवा (तोंडी परीक्षा) होती, बाहेरून एक सर आले होते. त्यांनी एक्स-रे ट्यूब काढायला सांगितली, मी झकास काढली, कॅथोडचं फिलामेंट, फोकसिंग कप, फिरणारा अ‍ॅनोड, टंगस्टन, अणुक्रमांक ७४, सगळं घडाघडा. मग त्यांनी शांतपणे विचारलं, डॉर्सल स्पाइनचा (पाठीच्या कण्याचा) एपी, म्हणजे समोरून एक्स-रे, घ्यायचाय, पेशंटचं डोकं कुठल्या बाजूला, कॅथोडच्या की अ‍ॅनोडच्या? मी गप्प. हील इफेक्टची (ट्यूबच्या अ‍ॅनोडकडच्या बाजूला किरणं कमी पोचतात तो) व्याख्या पाठ होती, पण आमच्या रूम नंबर दोनमध्ये कॅथोड खिडकीच्या बाजूला आहे की दाराच्या हे मला दीड वर्षात माहीत नव्हतं. सर रागावले नाहीत, पण मला त्या दिवशी जेवण गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ओपीडी सुरू व्हायच्या आधी टेक्निशियन काकांकडे गेलो. त्यांनी स्टुलावर चढवून ट्यूबच्या हाउसिंगवरच्या प्लस आणि मायनसच्या खुणा दाखवल्या, मग मोठी सीआर कॅसेट (एक्स-रेची डिजिटल प्लेट) टेबलावर ठेवली, पेशंट नाही काही नाही, नुसतं एक्स्पोजर दिलं आणि कन्सोलवर विंडो अगदी अरुंद केली, म्हणजे छटांमधला थोडासा फरकही ठळक दिसतो. एका टोकाला काळं आणि दुसऱ्या टोकाकडे हळूहळू करडं होत गेलेलं, डोळ्यांना सरळ दिसत होतं. अ‍ॅनोडच्या बाजूला किरणं त्याच्या स्वतःच्याच धातूतून जास्त अंतर कापून बाहेर पडतात म्हणून तिकडे कमी पोचतात. म्हणून डॉर्सल स्पाइनला जाड भाग, म्हणजे पोटाकडची बाजू, कॅथोडकडे आणि डोकं अ‍ॅनोडकडे. काका म्हणाले, "डॉक्टरसाहेब, आम्ही हे रोज करतो, तुम्ही कधी विचारलंच नाही." त्यानंतर मी रोज विचारायला लागलो, आणि तुम्ही पण विचारा. सीटीचे, एमआरचे टेक्निशियन, सगळे आनंदाने सांगतात, फक्त गर्दी नसताना जा.

सुरुवात एक्स-रे आणि पदार्थ यांच्या इंटरॅक्शनपासून करा. फोटोइलेक्ट्रिक (किरण पूर्ण शोषला जातो) आणि कॉम्प्टन (किरण आपटून दिशा बदलतो) नीट समजलं की मॅमोग्राफी, काँट्रास्ट, ग्रिड, स्कॅटर, शिसं का, सगळं एका दोरीत ओवलं जातं. आपण रोज सीटी अँजिओला १२० ऐवजी १०० केव्ही (ट्यूबचा व्होल्टेज) लावतो आणि काँट्रास्टमधलं आयोडीन जास्त उजळ दिसतं, ते का? आयोडीनचा के-एज, म्हणजे जिथे शोषण एकदम वाढतं ती एनर्जी, ३३.२ केईव्हीला आहे, केव्ही कमी केलं की बीमची सरासरी एनर्जी त्याच्या जवळ सरकते आणि फोटोइलेक्ट्रिक वाढतं. हे एक वाक्य व्हायवात बोललात तर समोरच्याला कळतं की हा मशीनवर बसलेला आहे. तसंच केव्ही १५ टक्के वाढवलं तर एमएएस (ट्यूबचा करंट गुणिले वेळ) निम्मं करता येतं, हे पोर्टेबल चेस्ट काढताना स्वतः करून बघा, ७० चं ८० करून. ट्यूबमध्ये जेमतेम १ टक्का एनर्जीचे एक्स-रे होतात, बाकी सगळी उष्णता, आणि म्हणून तो अ‍ॅनोड फिरतो, म्हणून तेल, म्हणून टंगस्टन. असं "म्हणून" लावत लावत वाचलं की पाठ करावं लागत नाही.

अल्ट्रासाउंडचं फिजिक्स सगळ्यात सोपं आहे कारण प्रोब दिवसभर हातातच असतो, पण बहुतेक जण डॉपलरला, म्हणजे रक्ताचा वेग मोजण्याला, घाबरतात. तर असं करा, उद्या रात्रीच्या ड्युटीला को-रेसिडेंटच्या मानेवर प्रोब ठेवा, कॅरोटिडवर (मानेतल्या धमनीवर) कलर लावा आणि स्केलचं (वेगाच्या रेंजचं) बटण कमी कमी करत जा. लाल रंगाच्या मधोमध निळं उमटेल, ते एलिअसिंग, म्हणजे वेग रेंजच्या बाहेर गेला की मशीन तो उलट्या दिशेचा दाखवतं. आता बेसलाइन सरकवा, स्केल वाढवा, जाईल. मग कागद घ्या. टिश्यूत आवाज सेकंदाला १५४० मीटर जातो, म्हणजे १ सेंमी खोल जाऊन परत यायला १३ मायक्रोसेकंद. रीनल आर्टरी (मूत्रपिंडाची धमनी) १५ सेंमी खोल असेल तर एका पल्सला साधारण २०० मायक्रोसेकंद थांबावंच लागतं, म्हणजे सेकंदाला जास्तीत जास्त ५००० पल्स, आणि त्याच्या निम्मं, २५०० हर्ट्झ, एवढंच शिफ्ट (परत आलेल्या आवाजाच्या फ्रिक्वेन्सीतला फरक) बरोबर मोजता येतं. अडीच मेगाहर्ट्झचा प्रोब आणि ६० अंशाचा अँगल धरला तर हिशोब १५४ सेंमी प्रति सेकंदाला येऊन थांबतो. स्टेनोसिस असेल, म्हणजे धमनी अरुंद झाली असेल, तर वेग याच्या वर जातो, म्हणजे जिथे आपल्याला खरा आकडा हवाय नेमकं तिथेच मशीन चुकतं! हे मला स्वतःला कागदावर सुटलं तेव्हा रात्रीचे दोन वाजले होते आणि इतका आनंद झाला की मी सिस्टरना बोलावून दाखवलं. बेसलाइन खाली घेतली की एका दिशेला दुप्पट जागा मिळते, हेही त्याच कागदावर दिसतं. कॅरोटिडला ३ सेंमीवर हा त्रास का नाही ते आता तुम्हीच काढा.

सीटीला फार अडू नका. हाउन्सफील्ड युनिटची व्याख्या (पाणी ०, हवा उणे १०००), पिच, बीम हार्डनिंग, डोस कसा लिहितात, एवढं नीट करा. हाउन्सफील्ड आणि कॉर्मॅक यांना १९७९ चं नोबेल, हे शॉर्ट नोटच्या सुरुवातीला लिहायला बरं. फिल्म प्रोसेसिंग, डार्करूम हे एका संध्याकाळी उरकून टाका.

एमआरला मात्र वेळ द्या, निदान सहा आठवडे. माझी अडचण टी-टू होती, म्हणजे पल्सनंतर प्रोटॉनचा एकत्र सिग्नल विखुरायला लागणारा वेळ. टी-वनशी (प्रोटॉन मूळ स्थितीत परतायला लागणारा वेळ) त्याचा गोंधळ व्हायचा. ते सुटलं ते गणपतीच्या आधी, संध्याकाळी ढोल पथकांची प्रॅक्टिस चालते ना आपल्याकडे, तिथे उभा असताना. एकेक ढोल म्हणजे एकेक प्रोटॉन धरा. पहिला ठोका सगळे एकत्र देतात, तेव्हा छातीत धडधडतं. समजा ताशा थांबला आणि प्रत्येकाची लय केसभर वेगळी आहे, तर थोड्या वेळात ठोके पुढेमागे होतात आणि आवाज विखुरतो. एकही ढोल थांबलेला नाही, सगळे तितकंच वाजवतायत, पण एकत्र येणारा दणका गेला. ते टी-टू. आणि वाजवणारे दमून एकेक करत ढोल खाली ठेवतायत, ते टी-वन. १८० अंशाच्या पल्सला (विखुरलेले प्रोटॉन उलटवून परत जुळवणाऱ्या) मात्र ही उपमा चालत नाही, तिथे सकाळचा गोल्फ क्लबचा ट्रॅक आठवा: सगळे एका रेषेवरून धावत सुटले, शिट्टी वाजली की सगळ्यांनी मागे वळायचं, जो जोरात पळणारा तो लांब गेलेला असतो पण परत रेषेवर सगळे एकाच वेळी येतात, तो इको. लय कायम असली तरच हे जमतं, म्हणून फील्डच्या असमानतेमुळे झालेलं विखुरणं परत जुळतं आणि खरं टी-टू राहतं.

एमआरचे आकडे थोडेच आहेत पण ते रोजच्या केसला जोडा. १ टेस्लाला प्रोटॉन ४२.५८ मेगाहर्ट्झने फिरतो, १.५ ला ६४ च्या जवळ. फॅट आणि पाण्याच्या फ्रिक्वेन्सीत साडेतीन पीपीएमचा (दहा लाखात साडेतीन) फरक, म्हणजे १.५ टेस्लावर साधारण २२० हर्ट्झ, म्हणजे दर साडेचार मिलीसेकंदाला दोघं एकत्र आणि त्याच्या निम्म्या वेळाला उलट. अ‍ॅड्रिनल अ‍ॅडेनोमाचे इन-फेज आणि आउट-ऑफ-फेज आपण रोज बघतो, कन्सोलवर टीई (पल्सनंतर किती वेळाने सिग्नल घेतला ते) बघा, हेच आकडे तिथे लिहिलेले असतात.

रेडिएशन प्रोटेक्शन शेवटच्या आठवड्यावर ढकलू नका. एईआरबीची (अणुऊर्जा नियामक मंडळाची) आपल्यासारख्या रेडिएशनमध्ये काम करणाऱ्यांसाठीची मर्यादा पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलीसीव्हर्ट आणि कुठल्याही एका वर्षात ३० च्या वर नाही. आंतरराष्ट्रीय शिफारशीत एका वर्षाला ५० आहे, पेपरात आपलं ३० लिहा, इथे खूप जण चुकतात. टीएलडी बॅज (आपल्याला मिळालेला डोस मोजणारा) उघडून दाखवायला सांगा आरएसओना (रेडिएशन सेफ्टी ऑफिसरना), आत कॅल्शियम सल्फेटच्या तीन चकत्या असतात, डिस्प्रोशियम मिसळलेल्या. आणि तो बॅज प्लीज ड्रॉवरमध्ये ठेवू नका, लेड एप्रनच्या आत छातीवर लावा. आमच्यातले निम्मे जण लावत नव्हते, मला अजून वाईट वाटतं.

रोजचं म्हणाल तर पोस्टिंग सांभाळून एक तास, पण तो तास लिहिण्याचा. एक डायग्रॅम न बघता काढायची आणि मग कुणाला तरी मराठीत समजवायचं, इंटर्नला, रूममेटला. इंग्रजीत आपण पुस्तकातलं वाक्य फेकून देतो आणि समजलंय असं वाटतं, मराठीत बोलायला लागलं की बरोबर जिथे कळलेलं नाही तिथे जीभ अडते. तिथे खूण करा आणि परत वाचा. युनिव्हर्सिटीचे जुने पेपर काढा, पेपर एकमधले फिजिक्सचे प्रश्न वेगळे लिहून काढा, तेच तेच विषय फिरून येतात हे लगेच दिसेल.

क्लासचं विचारलंत, तर एमआरसाठी लावायचा तर लावा, तिथे हलती चित्रं बघून खरंच फायदा होतो. बाकीच्यासाठी पैसे घालवू नका. एक्स-रे रूममध्ये सकाळी आठला गर्दी नसते, उद्या तिथे जा आणि तुमच्या ट्यूबचा कॅथोड कुठल्या बाजूला आहे ते आधी बघून या.