मालदीवचं रीफ चांगलं की नुसते फोटो?

प्रश्न : आम्ही बोरिवलीचे, दिवाळीनंतर मालदीवला डायव्हिंगला जायचंय. सगळेच रिसॉर्टवाले ‘बेस्ट रीफ’ (रीफ म्हणजे समुद्रातले प्रवाळाचे खडक) म्हणतात, ओळखायचं कसं?

उत्तर : वेबसाइटवरचे फोटो सोडा हो, कधीचे असतील काय माहीत. 1998 आणि 2016 मध्ये पाणी तापून तिथलं बरंच प्रवाळ पांढरं पडलं, म्हणून थेट डाइव्ह सेंटरला मेल टाका आणि गेल्या महिन्यातला हाऊस रीफचा, म्हणजे रिसॉर्टजवळच्याच रीफचा, व्हिडिओ मागा, त्यात पांढरंफट्ट प्रवाळ दिसलं तर ते अजून जिवंत असू शकतं पण वर शेवाळाचा थर चढला असेल तर मेलंच समजा. रीफला किनाऱ्यावरून पोहत जाता येतं की दरवेळी बोटीचे वेगळे पैसे, हेही विचारा, बिल तिथेच फुगतं! आणि शेवटच्या डाइव्हनंतर मुंबईच्या फ्लाइटआधी 18 तास तरी मोकळे ठेवा.