फटाकडीचा फोटो हवाय? मग आधी बूड टेकायला शिक

भाऊ, तापीवरच्या हतनूर धरणाच्या बॅकवॉटरला गाडीतून उतरल्या उतरल्या कॅमेरा काढून काठाकाठाने फिरू नकोस. बगळे, बदकं मिळतील, फटाकडी नाही. ती लाजरी, छोटी पाणपक्षी; पाणकणसातच, म्हणजे पाण्यातल्या उंच गवतातच राहते. चाहूल लागली की आत, आणि मग तासभर तोंड दाखवत नाही.

जागा आदल्या दिवशीच हेरून ठेव. गवत संपतं आणि चिखल सुरू होतो, त्या पट्ट्यात बारीक पावलांचे ठसे दिसले तर तिथेच बस. उजाडायच्या आधी पोच. सूर्य पाठीशी राहील असं, म्हणजे पूर्वेच्या काठावर. झोपूनच फोटो काढायचा. उभ्याने काढलेल्यात पक्ष्याची नुसती पाठ येते. डिसेंबरात तापीकाठची ओल हाडात शिरते, तेव्हा खाली प्लास्टिक अंथर.

फोकसचा पॉइंट एकच ठेव, नाहीतर कॅमेरा पुढचं गवतच पकडतो. शटर सायलेंट. पहाटे उजेड कमी असतो, आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेड टिपायची संवेदनशीलता, बिनधास्त वाढव. फोटो दाणेदार आला तर चालतो, हललेला चालत नाही.

रंगीत पाणलावा, हा तिथलाच दुसरा पाणपक्षी, दिसला तर जास्त भडक ती मादी. अंडी उबवतो नर. उबवणारा नर दिसला की मागे फिर, तो फोटो नकोच. आणि मोबाईलवर आवाज वाजवून पक्षी बाहेर काढणारे भेटतील, त्यांच्या नादी लागू नकोस.

पहिले काही दिवस रिकाम्या हाताने येशील. मासेमारांशी ओळख मात्र तेवढ्यात करून घे. कुठल्या खाचेत काय फिरतं ते त्यांना आपल्यापेक्षा जास्त माहीत असतं.